रेवतीचा राहिलेला नाच

आमच्या ओळखीच्या पहिल्या चार वर्षांत रेवती 'मी आलो' असं एकदाही म्हणाली नाही. हे माझ्या लक्षात आलं पाचव्या वर्षी, आणि तेही तिनं सांगितलं म्हणून.

"कधी आलास?" विचारलं की ती म्हणायची, "पाच मिनिटं झाली." "जेवलास का?" तर, "झालं जेवण." "काल कुठे होतास?" तर, "येवल्याला. बाबांकडे." 'जातो', 'करतो' असले शब्दही नाहीत. 'मला वाटतं', 'माझं ठरलंय', 'मी येईन', 'मी केलं' एवढ्यावर तिनं चार वर्षं माझ्याशी रोज गप्पा मारल्या. मराठीत स्वतःबद्दल बोलायचं आणि आपण बाई की पुरुष याचा पत्ता वाक्याला लागू द्यायचा नाही, हे किती अवघड आहे ते एक दिवस करून बघा. मी करून बघितलं. दुपारपर्यंत दमले.

तेव्हा तिचं नाव वेगळं होतं आणि मी तिला 'अरे' म्हणायचे. ते नाव इथे लिहीत नाही. तिनं ते सोडून दिलं होतं. पहिल्यापासून 'ती'च लिहिते, कारण आपण पहिल्यापासून तेच होतो असं तिचं म्हणणं होतं. त्या काळातली माझी वाक्यं मात्र होती तशीच ठेवते. मला त्यातून सुटायचं नाहीये.

गंगापूर रोडला एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर माझा कथकचा क्लास आहे. संध्याकाळी मुलींची झुंबड असते आणि सकाळी हॉल रिकामा असतो. ती आली ती सकाळचा हॉल मिळेल का हे विचारायला. पंचविशीची, उंच, सडपातळ, ढगळ सदरा. बंगळुरूला दोन वर्षं आधुनिक नृत्य शिकून आलेली. मी तिला बसायला खुर्ची दिली. ती बसली नाही. चपला काढून हॉलमध्ये गेली आणि सरळ जमिनीवर आडवी झाली. कान फरशीला. मला वाटलं, भोवळ आली की काय.

"ताई, ही फरशी कडक आहे," ती पडल्या पडल्या म्हणाली. "तुमच्या मुलींचे गुडघे जाणार."

"तीस वर्षं नाचतोय आम्ही याच फरशीवर."

"आणि तुमचे गुडघे?"

माझे गुडघे गेलेलेच होते. जिने उतरताना मी कठड्याला धरत होते ते तिनं येताना बघितलं असावं. मी हॉल दिला. महिन्याभरात तिनं सातपूरहून प्लायवूडचे जाड तक्ते आणले, खाली रबराच्या पट्ट्या ठोकल्या आणि अर्ध्या हॉलला लाकडी जमीन केली. करवत, हातोडी, खिळे, सगळं तिचं तीच. माझ्या मुली घुंगरू बांधून त्या लाकडावर पहिल्यांदा उभ्या राहिल्या तेव्हा नाद असा घुमला की खालचा झेरॉक्सवाला वर बघायला आला.

ती खुर्चीवर कधीच बसली नाही. जेवायलासुद्धा जमिनीवर, भिंतीला पाठ न टेकवता. डब्यात बहुतेक वेळा भाकरी आणि लसणाची चटणी. रविवारी मी मिसळ मागवायचे तर ती तर्री माझ्या वाटीत ओतायची आणि नुसती मटकी पावाशी खायची. "तिखटानं घाम येतो. घाम कामाचा यावा," म्हणायची. चिडली की मोठ्यानं बोलत नसे, केस बांधून हॉल पुसायला घ्यायची. हॉल लख्ख दिसला की मी समजायचे, आज काहीतरी बिनसलंय.

तिच्याकडे शिकायला हळूहळू पंधरा-वीस जण जमले. कॉलेजच्या मुली, दोन मुलगे, माझ्याकडच्याही काही मोठ्या मुली. त्यांना ती पहिला आठवडा काहीच नाच शिकवत नसे. फक्त पडायला शिकवायची. उभ्यानं पडणं, वळता वळता पडणं, हाड न आपटता जमिनीवर येणं. एका मुलीच्या वडिलांनी मला गाठून विचारलं, "मॅडम, तुमच्याकडे सम गाठायला शिकवतात असं ऐकून आलो, इथे तर पोरगी लोळतेय." मी हसून वेळ मारून नेली. तिला सांगितलं तर ती गंभीरपणे म्हणाली, "मुलींना पडायची फार भीती असते ताई. सांभाळून, सांभाळून ऐकतच वाढतात. एकदा पडून बघितलं की मग हात-पाय मोकळे होतात."

एका सकाळी तिनं सगळ्यांना चालायला लावलं. "नाचू नका. घरी चालता तसं चाला." आणि एकेकाला थांबवून विचारायला लागली, "असं चालायला तुला कुणी शिकवलं?"

"कुणीच नाही, असंच," पहिली मुलगी म्हणाली.

"परत चाल. बघ."

ती परत चालली आणि मध्येच थांबली. "आजी. पाय जवळ जवळ टाक म्हणायची."

दोन मुलग्यांपैकी एक निफाडकडचा, पैलवानी बांध्याचा होता. तो बराच वेळ चालला. मग म्हणाला, "पप्पा. हात लय हलवतो म्हणून एकदा खिशात हात घालून शिवून टाकीन म्हणले होते." सगळे हसले. तो हसला नाही.

मी दाराशी उभी होते. तिनं मला बोलावलं. "ताई, तुम्ही पण या ना." मी आढेवेढे घेतले, मग चालले. ती माझ्याभोवती एक फेरी मारून म्हणाली, "तुमचा डावा खांदा पुढे का झुकलाय?" तीस वर्षं मी मुलींच्या खांद्यांना शिस्त लावत आले होते आणि माझा स्वतःचा खांदा मला माहीत नव्हता. घरी येऊन आरशासमोर उभी राहिले तेव्हा आठवलं. मी बारा वर्षांची असताना शाळेत जायच्या रस्त्यावर एक सायकलचं दुकान होतं. तिथली पोरं बघायची. मी दप्तर छातीशी धरून डाव्या बाजूनं वाकून जायचे. दुकान केव्हाच गेलं, मी वाकलेलीच राहिले. हे मी आईलाही कधी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिला सांगितलं. तिनं तळहात माझ्या खांद्यावर ठेवला आणि थोडा वेळ तशीच उभी राहिली.

आता, जिनं मला माझा खांदा दाखवला तिच्या बाबतीत मला काहीच कसं दिसलं नाही? कदाचित दिसत होतं, आणि मी बघत नव्हते.

पाचव्या वर्षीची गोष्ट. दिवाळीनंतरची सकाळ. मी परीक्षेचे अर्ज भरत बसले होते. दारातून आवाज आला, "मी आले, ताई."

मी मान वर न करता म्हणाले, "आले काय? आलो म्हण. चांगलं मराठी बोलता येतं की तुला."

"नाही ताई," ती म्हणाली. "आले."

मी मान वर केली. तोच ढगळ सदरा, तेच बांधलेले केस. पण ती दाराच्या चौकटीला धरून उभी होती. मग तिनं सगळं सांगितलं. लहानपणापासूनचं. बंगळुरूला डॉक्टरांशी झालेलं बोलणं, सुरू झालेली औषधं, आणि नवं नाव. रेवती. "दिवाळीत बाबांना सांगितलं," ती म्हणाली. "ते मागावर बसले होते. त्यांनी हात थांबवला, ऐकलं, आणि परत विणायला लागले. अजून बोललेले नाहीत माझ्याशी."

मी तिला पाणी दिलं. "तू काळजी करू नकोस, मी आहे," असं म्हणाले. खरंच म्हणाले. ते वाक्य मला शब्दन् शब्द आठवतं.

मुलांना दोन दिवस लागले. माझ्याकडची आठ वर्षांची एक मुलगी तिला थेट म्हणाली, "सर, आता तुम्हाला काय म्हणायचं?" रेवती म्हणाली, "तुला काय म्हणावंसं वाटतं?" मुलीनं विचार केला. "रेवतीताई. पण सुरुवातीला माझं चुकेल." "चुकू दे," रेवती म्हणाली. मोठ्यांना मात्र महिने लागले. घरमालकांनी तिला वर्षात दोन खोल्या बदलायला लावल्या. दोघेही अतिशय गोड बोलणारे होते.

तेव्हा ती एक एकटीचा नाच बसवत होती. मी तो एकदाच बघितला, सकाळच्या रिकाम्या हॉलमध्ये. संगीत नाही. ती जमिनीवर बसते, पाय खाली सोडल्यासारखे, खड्ड्यातल्या मागावर विणकर बसतो तशी. एक हात ओढतो, दुसरा धोटा झेलतो, पाय आळीपाळीनं दाबतात. तेच, तेच, तेच. अंगाला लागलेली लय इतकी जुनी की बघता बघता समोर तिचे बाबा दिसायला लागतात. मग ती लय तिच्या खांद्यांत चढते, पाठीत उतरते, आणि ती उठते. उठताना अंग एकेक सवय सोडत जातं. ताठ धरलेली मान सुटते, आवळलेले हात सुटतात. शेवटी उभी राहते ती एक बाई, घामानं निथळलेली, कुणाचीही परवानगी न मागणारी.

"बाबा मागावर असतात तेव्हा ते बाई आहेत की पुरुष असं कुणाच्या मनात येत नाही," धापा टाकत ती म्हणाली. "फक्त विणणारा माणूस दिसतो. मला तसं बघायला हवंय कुणीतरी, ताई. एकदा तरी."

मी म्हणाले, "आपल्या वार्षिक कार्यक्रमात कर."

शहरातलं एक नाट्यगृह ठरलं. तालमी सुरू झाल्या. कार्यक्रमाला दहा दिवस राहिले असताना पाच-सहा पालक मला भेटायला आले. सगळी ओळखीची, शिकलेली माणसं. त्यांतल्या एकीच्या लग्नात मी नाचले होते.

"मॅडम, आमचा काही विरोध नाही," ती म्हणाली. "आजकाल चालतं सगळं. पण मुली लहान आहेत. घरी प्रश्न विचारतात."

"काय विचारतात?"

ती जरा अडखळली. "परवा आमची मुलगी म्हणते, मम्मी, लग्नात तुझं नाव बदललं तेव्हा तुला कुणी विचारलं होतं का?"

मला हसू आलं. तिला नाही आलं. तिच्या डोळ्यांत क्षणभर जे दिसलं त्यावर मी तेव्हा बोट ठेवायला हवं होतं. विचारायला हवं होतं, मग तू काय सांगितलंस? पण दुसरे एक गृहस्थ म्हणाले, "शिकवू देत की त्यांना. फक्त स्टेजवर नको. नाहीतर आम्हाला मुलींना काढावं लागेल." मी म्हणाले, "बघते."

संध्याकाळी रेवतीला बोलावलं. मी काय काय बोलले ते लिहायला लाज वाटते. वातावरण तापलंय, तुझ्याच भल्यासाठी सांगते, मुलांचे नाच तू बसवलेत तेवढे होऊ देत, तुझं यावर्षी नको, पुढच्या वर्षी करू. ती ऐकत होती. माझा खांदा, मला वाटतं, पुन्हा पुढे झुकला असणार.

"नाव असेल ना पत्रिकेत?" तिनं विचारलं. "मुलांच्या नाचांपुढे?"

"यावर्षी नुसतं क्लासचं नाव टाकतेय मी."

"ठीक आहे, ताई. मी विंगेत थांबेन. मुलांना आत कधी सोडायचं ते मी बघते." एवढं बोलून तिनं केस बांधले आणि हॉल पुसायला घेतला. स्वच्छच होता तो.

कार्यक्रम उत्तम झाला. तिनं बसवलेला मुलांचा नाच सगळ्यात जास्त टाळ्या घेऊन गेला. आभार झाले, लोक उठले. मी दाराशी नमस्कार घेत उभी होते. गर्दी ओसरल्यावर एक म्हातारा गृहस्थ हळूहळू आला. पांढरी टोपी, इस्त्रीचा सदरा, हातात कापडी पिशवी. एक पाय ओढत चालत होता.

"बाई," तो म्हणाला, "आमच्या पोरीचा नाच झाला का व्हायचाय अजून?"

"कोण पोरगी, काका?"

"रेवती. मी येवल्याचा. तिचा बाप. तिनं नाचाचं पत्र धाडलं व्हतं." त्यानं ते नाव जपून उच्चारलं, नव्या कापडाची घडी मोडावी तसं. "मी मधी पानी प्यायला भायेर गेल्तो. तेवढ्यात तर नाय ना झाला?"

खरं सांगायला दोन वाक्यं पुरली असती. मी म्हणाले, "नाही काका. तिचा पाय दुखावलाय. म्हणून आज नाही नाचली."

"आरं देवा. लय लागलं का?"

तेवढ्यात बाजूच्या दारातून रेवती आली. हातात मुलांचे कपडे, तुरुतुरु, दोन दोन पायऱ्या उतरत. म्हाताऱ्यानं तिच्या पायांकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"पाय कसा हाय गं?" त्यानं तिला विचारलं.

तिनं एकदाच माझ्याकडे पाहिलं. "बरा आहे आता, बाबा."

"जपून ऱ्हा. नाच पुढल्या टायमाला बघू." त्यानं पिशवीतून एक पुडी काढून तिच्या हातात दिली. तिनं ती तिथेच उघडली. जांभळ्या रेशमाचा, काठाला मोर असलेला एक लहानसा तुकडा. ब्लाउजपुरता. ती तो हातात धरून उभी राहिली आणि तो म्हणाला, "चल, मला यश्टीला सोड." दोघं गेली. पायऱ्यांवर तिनं त्याचा हात धरला होता.

दुसऱ्या दिवशी मी तिला म्हणाले, "बाबा येणार आहेत हे सांगितलं का नाहीस मला? मी काहीही झालं तरी..."

"तेच, ताई," ती शांतपणे म्हणाली. "सांगितलं असतं तर तुम्ही त्यांच्यासाठी हो म्हणाला असतात. मला वाटलं, तुम्ही माझ्यासाठी म्हणाल."

ती भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं वर्ष पुरं केलं. मुलांच्या परीक्षा होईपर्यंत एकही तास चुकवला नाही. मग बंगळुरूच्या एका नृत्यमंडळात तिला जागा मिळाली आणि ती गेली. जाताना लाकडी जमीन मला ठेवून गेली. मी नको म्हणाले तर म्हणाली, "मुलींसाठी आहे." तो नाच तिनं तिकडे खूप ठिकाणी केला. मुली मला मोबाइलवर तुकडे दाखवायच्या. मी संपूर्ण कधी बघितला नाही. बाबांना एवढा प्रवास झेपत नव्हता, आणि मोबाइलवर काही बघायचं नाही असा त्यांचा हट्ट होता. "समोर बघीन," म्हणायचे म्हणे. मी दोनदा तिला फोन करून म्हणाले, "इथे ये, मी फक्त तुझा कार्यक्रम ठेवते." ती म्हणाली, "बघू, ताई. जमवू." ती नम्रपणे टाळते आहे हे मला कळत होतं आणि तिसऱ्यांदा विचारायचं धाडस मी केलं नाही.

दोन वर्षांनी एका सकाळी तिचा फोन आला. "ताई, बाबा गेले. परवा अस्थी घेऊन रामकुंडावर येतोय आम्ही. तुम्हाला कळवावंसं वाटलं."

मी गेले. नऊ-साडेनऊची वेळ, घाटावर नेहमीची गर्दी. ती आणि तिचे काका, दोघंच होती. तिनं पांढरी सुती साडी नेसली होती. गुरुजी वयस्कर होते, घाईत होते, पाठीमागे आणखी दोन कुटुंबं थांबलेली. त्यांनी ताम्हन पुढे ओढत काकांना विचारलं, "मुलगा कोण? त्याला पुढे बसवा."

काकांनी खाली बघितलं. मी पाच-सहा पायऱ्या वर उभी होते. आता काहीतरी होणार, कुणीतरी काहीतरी बोलणार असं वाटलं. मी एक पायरी उतरले आणि थांबले.

"मुलगा नाही, गुरुजी," रेवती म्हणाली. "मी एकटीच आहे त्यांना."

गुरुजींनी तिच्याकडे नीट पाहिलं. तिचा आवाज त्यांनी ऐकला, हात पाहिले, चेहरा पाहिला. सगळं त्यांच्या ध्यानात आलं असावं. मला तरी तसं दिसलं.

"कोण तुम्ही त्यांच्या?"

"मुलगी."

"बसा मग," ते म्हणाले. "दक्षिणेकडे तोंड करा. वडिलांचं नाव सांगा."

अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही. तिनं नाव सांगितलं, पुढचं सगळं त्यांनी सांगितलं तसं केलं. मग ती कलश घेऊन गुडघाभर पाण्यात उतरली, वाकली, आणि तो रिकामा होईपर्यंत वाकलेली राहिली. शेजारी कुणीतरी दिवा सोडत होतं, एक बाई लहान मुलाला आंघोळ घालत होती. तिच्याकडे कुणी बघत नव्हतं.

ती वर आली तेव्हा मी तिच्यापुढे गेले. खूप ठरवून आले होते. दोन वर्षं मनात घोळवलेली वाक्यं होती. तिनं ओल्या हातांनी माझे हात धरले आणि मी काही बोलायच्या आत म्हणाली, "बरं झालं आलात."

"रेवती, मी त्या दिवशी..."

"काकांना चक्कर आल्यासारखं होतंय, ताई. त्यांनी सकाळपासून काही खाल्लं नाही. त्यांना आधी चहा पाजते." आणि थोडं थांबून, "येते मी."

तिनं काकांच्या काखेत हात घातला. पदर पिळून कमरेला खोचला, आणि दोघं भांड्यांच्या दुकानांच्या गल्लीकडे चालू लागली. ओल्या साडीचं पाणी पायऱ्यांवर ठिबकत होतं. वळणावर एक फुलवाली तिला म्हणाली, "ओ ताई, जरा सरका, गाडी येतीये." रेवतीनं काकांना हळूच आतल्या बाजूला घेतलं, स्वतः रस्त्याच्या बाजूला झाली, आणि मग ती दोघं मला दिसेनाशी झाली.